रात्री सरळ, सकाळी वाकडी: पोरांच्या कागदकामातली नेहमीची तक्रार

पाडव्याच्या आदल्या रात्री नातीनं कार्डशीटची गुढी केली. वीतभर उंच, हिरव्या घोटीव कागदाची साडी, वर चंदेरी कागदाचा गडू, साखरगाठीच्या जागी पंच मशीननं पाडलेल्या पांढऱ्या टिकल्या दोऱ्यावर चिकटवलेल्या. झोपताना कौतुकानं टीव्हीशेजारी ठेवली. सकाळी उठून बघते तर गुढी कमरेत वाकून टीव्हीला मुजरा घालतेय आणि साडीचा पदर सुटून कानासारखा उभा राहिलाय. "आबा, परत वाकडं झालं!" म्हणून तिनं जो गळा काढला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला.

तिचा तो "परत" मला लागला. कारण होळीच्या ज्वाळा अशाच वळल्या होत्या, रंगपंचमीच्या फुलपाखरांचे पंख असेच एकाच बाजूला दुमडले होते. दर वेळी सुनेनं फेव्हिकॉलला दोष दिला, मग ग्लू स्टिक आणली, मग जास्त जाड कागद आणला. शेवटी "हिचा हातच जड आहे" इथपर्यंत गोष्ट गेली. सात वर्षांच्या पोरीचा हात कसला जड!

मी ४० वर्षं बाइंडिंग केलं. मंगळवार पेठेत एक खणाचं दुकान, त्यात लेजर, रजिस्टरं, वकिलांची जाडजूड पुस्तकं. नवीन शिकत होतो तेव्हा माझी पहिली कव्हरं अशीच रात्री सरळ आणि सकाळी होडीसारखी व्हायची, आणि वस्ताद माझ्याकडे नाही, खळीच्या, म्हणजे मैदा शिजवून केलेल्या चिकीच्या, भांड्याकडे बघायचे. तेच घरात चाललं होतं आणि मला दिसलं नाही, याची लाज वाटली. दोष पाण्याचा आहे. चिकटवायचं म्हणजे कागदाला पाणी पाजायचं, आणि पाणी प्यालेला कागद स्थिर बसत नाही.

हे पोरांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. परातीत बोटभर पाणी घेतलं. झेरॉक्सच्या कागदाचा आगपेटीएवढा चौकोन कापला आणि अलगद पाण्यावर सोडला. दोन-चार सेकंदांत त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा वर उचलल्या गेल्या आणि चौकोनाचं पन्हळ झालं. धाकटा चार वर्षांचा, परातीत नाक घालून बसलेला. "आबा, हे जित्तं हाय!" म्हणाला. मग हळूहळू कागद वरूनही भिजला आणि पुन्हा सपाट पडला. "मेलं" असं त्यानंच जाहीर केलं आणि पुढचा चौकोन मागितला. अर्धा तास तेच चाललं. घरात पोरांना दुपारी गुंतवायला दुसरं काही नसेल तर एवढंही पुरतं.

झालं काय, तर खालची बाजू पाणी पिऊन फुगली, वरची कोरडी राहिली. फुगलेल्या बाजूला जागा जास्त लागते, म्हणून कागद कोरड्या बाजूकडे वळतो. दोन्ही बाजू सारख्या भिजल्या की भांडण मिटतं. तुम्ही साडीच्या कागदाला मागून फेव्हिकॉल फासता तेव्हा परातीतलंच सगळं होतं, फक्त सावकाश. आणि वाळताना उलटी ओढ लागते. ओला असताना पसरलेला कागद तसाच कार्डावर चिकटला, आता वाळताना तो आक्रसतो आणि कार्डाला आपल्याकडे खेचतो. गुढी साडीच्या बाजूला वाकली होती ती यामुळे. तुमच्याकडे कुठल्या बाजूला वाकते ते बघा. चिकटवलेल्या कागदाकडे वाकत असेल तर रोग हाच.

आता त्या पन्हळीकडे पुन्हा बघा. चौकोन चारही बाजूंनी सारखाच, मग दोनच कडा का उचलल्या? कारण कागदाला दिशा असते. छापखान्यात आणि बाइंडिंगवाल्यांत त्याला ग्रेन म्हणतात. यंत्रावर कागद होतो तेव्हा लगदा चालत्या जाळीवर पडतो आणि त्यातले तंतू बहुतेक जाळी जाईल त्या दिशेला धरून पडतात, पुरात वाहून आलेल्या काटक्यांसारखे. फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेरनं १७९९ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून यंत्राच्या कागदाला ही खोड आहे. हातकागदाला ती फारशी नसते. तंतू पाणी प्याला की जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेनं पसरतो आणि त्याची सुरळी होते ती ग्रेनला धरून. परातीतल्या पन्हळीची लांबी ज्या दिशेनं, तो ग्रेन.

दर वेळी परात काढायची गरज नाही. कागद हातात घेऊन न दुमडता नुसता वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूनं मऊ वाकतो, त्या वाकाची रेघ म्हणजे ग्रेन. जाड कार्डशीटला हा फरक एवढा कळतो की धाकटासुद्धा ओळखतो. किंवा रद्दीतलं मोठं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडलं की सुरीनं कापल्यासारखं सरळ फाटतं, आडवं फाडलं की वाटेल तिकडं पळतं. पोरांना फाडायला सांगितल्यावर धडा समजावून द्यावा लागत नाही.

मग करायचं काय? उभ्या वस्तूला ग्रेन उभा ठेवायचा. गुढी, झाड, ध्वज, बाहुली, जे काही आपल्या पायावर उभं राहणार आहे त्याचं कार्ड असं कापायचं की ग्रेन पायापासून डोक्याकडे जाईल. नातीची गुढी मी नंतर तपासली, ग्रेन आडवा होता. कमरेत वाकली नसती तरच नवल. आणि वरून जो कागद चिकटवायचा त्याचाही ग्रेन त्याच दिशेनं. दोघं काटकोनात असले तर दोन दिशांनी ओढ लागते आणि वस्तू पिळवटते, तो पीळ मग काही केल्या जात नाही. दुकानातून २२ बाय २८ इंची मोठं कार्डशीट आणलं की कापायच्या आधीच मागच्या बाजूनं पेन्सिलीनं तीन-चार ठिकाणी ग्रेनचे बाण काढून ठेवा. तुकडे झाल्यावर कुठला तुकडा कसा होता हे कुणाला आठवत नाही, मलाही नाही.

दुसरी गोष्ट, फेव्हिकॉलची बाटली पोराच्या हातात देऊ नका. ते बाटली दाबतं आणि मध्ये जिलबी पडते. कडा कोरड्या, पोट ओलं. बाटलीच्या झाकणात थोडा घ्यायचा, आगपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा किंवा जुना ब्रश द्यायचा आणि मधून कडांकडे पातळ सारवायचं. चिकटवायच्या आधी मनात वीस-पंचवीस आकडे मोजा. एवढ्या वेळात कागद पसरायचा तेवढा पसरून घेतो आणि मग बसवला तर सुरकुती पडत नाही. पोरं आकडे मोठ्यानं मोजतात, धाकटा तेरानंतर एकदम वीसवर जातो, त्यामुळे आमच्याकडे दोनदा मोजावं लागतं.

तरीही मोठा कागद मोठ्या पुठ्ठ्यावर एकाच बाजूनं लावला तर ओढ राहणारच. त्यावर बाइंडिंगवाल्यांचा उपाय म्हणजे अस्तर. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बाहेरून कापड असतं ते पुठ्ठा बाहेरच्या बाजूला खेचतं. आतून चिकटवलेला अस्तराचा कागद त्याला आत खेचतो, आणि दोघांच्या ओढाताणीत पुठ्ठा सरळ राहतो. पोरांच्या शुभेच्छापत्राला, फ्रेमला, गुढीच्या पाटाला मागूनही एक साधा कागद लावा, त्याच दिशेचा, तोच गोंद लावून. मागची बाजू कुणी बघत नाही, जुनं कॅलेंडरही चालतं.

आणि दाब. सपाट वस्तू चिकटवून झाली की खाली-वर रद्दी, त्यावर पाट, पाटावर तांदळाचा डबा. रद्दी तासाभरानं बदला, ती ओल पिते. एक रात्र पुरे. सगळ्यात वाईट म्हणजे लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवणं. एप्रिलच्या उन्हात वरची बाजू मिनिटांत कडक होते, खालची ओलीच राहते, आणि कागद भाजलेल्या पापडासारखा फिरतो. फुल स्पीडच्या पंख्याखालीही तेच होतं. उलट वळवाची सर येऊन गेली की घरातल्या सुक्या वस्तूसुद्धा आपोआप हलतात, तेव्हा घाबरू नका. हवा कोरडी झाली की बऱ्याचशा परत जागेवर येतात.

ग्लू स्टिकचं काय, असं सून विचारते. त्यात पाणी कमी असतं, म्हणून वाक कमी. पातळ कागदावर पातळ कागद लावायला उत्तम. पण कार्डावर कार्ड किंवा दुमडून ताणलेला भाग तिनं धरत नाही, दुसऱ्या दिवशी सुटतो. मला विचाराल तर लहान पोरांना घरची खळ सगळ्यात बरी. तोंडात गेली तरी हरकत नाही, कपड्यावरून धुऊन निघते, आणि उशिरा सुकत असल्यामुळे चुकलेला तुकडा सरकवून नीट बसवता येतो. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग एकूण दहा-बारा चमचे पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि दुधी पांढरी खळ एकदम घट्ट आणि किंचित पारदर्शक दिसायला लागते. तिथून दोन मिनिटं आणि मग गार. एक दिवस टिकते, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, मग टाकून द्या. जुन्या लोकांकडून कुणी सांगेल की खळीत मोरचूद घाला, किडा लागत नाही. आम्ही दुकानात घालायचो हे खरं, पण मोरचूद विषारी आहे. पोरांच्या खळीत तो अजिबात नको. खळ करायचाही कंटाळा असेल तर आमच्या लहानपणी शितांनी काम भागायचं. गरम भाताची चार शितं बोटानं चिरडून पाकिटं आणि पतंग चिकटवले आहेत.

बाकीच्या तक्रारी तितक्या खोल नाहीत.

"चिकटंना" ही धाकट्याची रोजची तक्रार. नव्वद टक्के वेळा त्यानं घोटीव कागद चकचकीत बाजूनं चिकटवलेला असतो. तिथं गोंद बसायला जागाच नसते. पांढऱ्या, खरखरीत बाजूला लावा. दोन चकचकीत बाजू जोडायच्याच असतील तर पॉलिश पेपरनं एक बाजू हलकी घासून घ्या. आणि चिकटवलं की लगेच उचलून बघायची सवय. त्यावर एकच इलाज, कपड्याचा चिमटा लावायचा आणि पोराला खायला द्यायचं.

रंग सुटणं. होळीच्या ज्वाळा पतंगी किंवा क्रेप कागदाच्या केल्या की नारिंगी रंग गोंदात उतरतो आणि हात, टेबल, भिंत सगळं होळी होतं. या कागदांचा रंग पक्का नसतो. तिथं ग्लू स्टिक वापरा, किंवा ज्वाळांना खाली एकत्र चुरगळून दोऱ्यानं बांधा, गोंदच नको. पण हीच खोड रंगपंचमीला उपयोगी पडते. आमच्याकडे खरा रंग होळीनंतर पाचव्या दिवशीच, त्यामुळे पोरांना त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नाही. टीपकागदाचा किंवा पांढऱ्या जाड टिश्यूचा चौकोन घ्या, मध्यभागी काळ्या स्केचपेननं रुपयाएवढं वर्तुळ काढा आणि बरोबर मध्ये थेंब थेंब पाणी सोडा. काळा रंग पसरताना फुटतो आणि त्यातून निळा, जांभळा, कधी पिवळसर कडा निघते, कारण बऱ्याच काळ्या शाया अनेक रंग मिसळून केलेल्या असतात आणि पाण्याबरोबर प्रत्येक रंग वेगळ्या वेगानं जातो. वाळलं की मध्ये चिमटा लावला की फुलपाखरू. इथली नेहमीची तक्रार म्हणजे "सगळं चिखलाच्या रंगाचं झालं". पोरानं सात रंग मारले आणि वाटीभर पाणी ओतलं की दुसरं काय होणार? दोन रंग आणि ड्रॉपरनं पाणी, बस. पर्मनंट मार्कर असेल तर पाण्यानं काहीच होणार नाही, मग पोर रडतं.

घडीला तडे जाणं, पुन्हा ग्रेन. जाड कार्ड ग्रेनला आडवं दुमडलं की तंतू मोडतात आणि घडीवर पांढरी भेग दिसते. ग्रेनला धरून दुमडा. ते शक्य नसेल तर आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या, मग दुमडा. चार वर्षांच्या पोराकडून घडी कडेला कड लावून येणार नाही, त्या वयाचा हट्ट धरू नका.

पळसाचं फूल आमच्याकडे फार चाललं, पन्हाळ्याच्या वाटेवर गाडीतून दिसलं म्हणून. पाच पाकळ्या, त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. क्रेपची पाकळी वाकवायला कागदाच्या बारीक चुण्या उभ्या येतील अशी कापायची आणि दोन अंगठ्यांनी मधला भाग आडवा ताणायचा. क्रेप चुण्यांच्या आडव्या दिशेलाच ताणतो, उलटं कापलं तर फाटेल पण वळणार नाही. नातीनं फांदीला पाच-सहा हिरवी पानं लावली. "पळसाला पानं तीनच," हिनं, म्हणजे तिच्या आजीनं, स्वयंपाकघरातून ऐकवलं. म्हण खरीच आहे, पळसाच्या एका देठाला तीन पर्णिका असतात. शिवाय भर फुलोऱ्यात झाडावर पानं बहुतेक नसतातच. नातीनं पानं काढायला साफ नकार दिला. ती अजून आहेत.

कात्री. पोर कात्री फिरवतं आणि कागद स्थिर ठेवतं, म्हणून गोल कापताना कोपरे पडतात. उलटं करायला शिकवा. अंगठा वर ठेवून कात्री एका जागी, कागद फिरवायचा दुसऱ्या हातानं. आमचा धाकटा डावखुरा आहे. तो "कात्री चावते, कापत नाही" म्हणायचा आणि मला वाटलं नाटकं करतोय. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानं एकमेकांना घट्ट बसतात, डाव्या हातात ती फाकतात आणि कागद मध्ये दुमडतो. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. आणल्यापासून तक्रार नाही, फक्त एकदा पडद्याची झालर गेली.

आता राहिली पडापडी. गुढी वाकत नाही पण तोंडावर आपटते, ही तक्रार पाडव्याला शेजारच्या दोन घरांतून आली. गडू वर, साडी वर, वजन सगळं डोक्याकडे आणि खाली कागदाचा गोल चिटोरा. खाली वजन द्या. कणकेचा गोळा मात्र नको, तो वाळून भेगाळतो आणि मुंग्या येतात. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत वाळू भरून झाकणाला भोक पाडून काठी बसवा. काठी वर्तमानपत्राची, ग्रेनला धरून वळलेली सुरळी. तशी वळली की आपण होऊन गुंडाळत जाते, आडवी वळायला गेलं की घड्या पडतात.

धाकट्याला गुढी नकोच होती. त्याला सासनकाठी, म्हणजे ज्योतिबाच्या यात्रेत नेतात ती उंच सजवलेली काठी, पाहिजे होती. पाडव्यानंतर पंधरवड्यानं, चैत्री पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा. मागच्या वर्षी गल्लीतून काठी गेली तेव्हा तो माझ्या खांद्यावर होता आणि गुलालानं आम्ही दोघं ओळखू येत नव्हतो. मग दीड फुटाची सुरळी केली, तिला रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर तुरा. डबीत बसवली तर डोलून पडली, वाळू वाढवली तरी पडली. दीड फुटाला डबी पुरत नाही. मी मोठा पाया करायच्या विचारात होतो, तोवर नात म्हणाली, "आबा, खऱ्या काठीला माणसं चारी बाजूंनी दोर धरून चालत्यात की." मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर काठी उभी केली, अर्ध्या उंचीवर शिवणाचे चार दोरे बांधून चार कोपऱ्यांना चिकटवले, समोरासमोरचे सारखे ताणून. हलली नाही. दोरे एकेक करून ताणू नका, आधी समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, नाहीतर काठी कायम एका कोपऱ्याकडे झुकलेली राहते.

पुठ्ठ्यावर वरून लाल कागद लावल्यानं तो पाया सकाळी ताटलीसारखा झाला होता, हे सांगायचं राहिलं. काठी काढली, मागून अस्तर लावलं, एक रात्र तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि मगच काठी परत उभी केली. आता ती टीव्हीशेजारी, दुरुस्त गुढीच्या बाजूला उभी आहे. धाकटा येता-जाता "चांगभलं" म्हणतो आणि गुलाल टाकतो. गुलाल कुठून आणला म्हणून विचारलं तर गप्प. देवघरातला कुंकवाचा करंडा मात्र हिला अर्धा रिकामा सापडलाय.